स्तंभावरचा आकडा: मॅटप्लॉटलिबमध्ये ‘बार_लेबल’ कसे आले

पार्श्वभूमी

मॅटप्लॉटलिब ही पायथॉनमध्ये आलेख काढण्याची लायब्ररी जॉन हंटर या अमेरिकी मज्जाजीवशास्त्रज्ञाने सुरू केली आणि ती २००३ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झाली. मॅटलॅब या गणिती संगणनाच्या सॉफ्टवेअरमध्ये जसा एका ओळीत आलेख निघतो तसा तो पायथॉनमध्येही निघावा, हा तिचा मूळ हेतू होता. त्यामुळे वापरणाऱ्याच्या सोयीसाठी फंक्शन देणे ही कल्पना या लायब्ररीत मागाहून शिरलेली नाही, ती आरंभापासूनच तिथे आहे. तरीही एक अगदी साधी गरज बरीच वर्षे तशीच राहिली होती: स्तंभालेखातील प्रत्येक स्तंभावर त्याचा आकडा लिहिणे. मार्च २०२१ मध्ये आलेल्या ३.४ या आवृत्तीने ‘बार_लेबल’ हे फंक्शन देऊन ती पुरी केली. या फंक्शनचे स्वरूप ठरताना कोणते पर्याय खुले होते, कोणता निवडला गेला आणि त्यातून पुढे काय निघाले, हे या प्रकरणात पाहायचे आहे. काम करणाऱ्यांची आणि ते तपासणाऱ्यांची नावे येथे दिलेली नाहीत. लायब्ररीच्या प्रकाशित रूपातून जे निर्णय दिसतात त्यांचाच विचार केला आहे.

समस्या

तोपर्यंतचा रिवाज असा होता की ‘बार’ हे फंक्शन वापरून स्तंभ काढायचे, त्याने परत दिलेल्या आयतांवर लूप फिरवायचा, प्रत्येक आयताला ‘गेट_हाइट’ने त्याची उंची विचारायची आणि तेवढ्या उंचीवर मजकूर ठेवायचा. लायब्ररीच्या अधिकृत उदाहरणसंग्रहात यासाठी ‘ऑटोलेबल’ नावाचे काही ओळींचे फंक्शन दिलेले होते. ते लायब्ररीचा भाग नव्हते. ज्याला हवे त्याने ते उतरवून आपल्या प्रोग्रॅममध्ये चिकटवायचे होते आणि लोक वर्षानुवर्षे तेच करत आले.

त्या फंक्शनच्या एका जुन्या रूपाकडे जरा बारकाईने पाहिले, तर अडचण कोठे होती ते कळते. त्यात स्तंभाच्या उंचीला १.०५ ने गुणून येणाऱ्या जागी आकडा ठेवला जाई. त्यामुळे २०० उंचीच्या स्तंभावर आकडा १० एकके वर तरंगे आणि २० उंचीच्या स्तंभावर तो जेमतेम एक एकक वर, म्हणजे जवळजवळ स्तंभाला टेकून बसे. एकाच आलेखात दोन स्तंभांवरची मोकळी जागा वेगवेगळी दिसे. आकडा पूर्णांकात छाटला जात असल्याने १९.८ चे १९ होत. उणे मूल्य आले की प्रकार आणखी बिघडे: −२० चा स्तंभ असेल तर मजकुराचा तळ −२१ वर येई, अक्षरे तेथून वर चढत आणि स्तंभाच्याच खालच्या टोकावर छापली जात. पुढे उदाहरणात सुधारणा झाली, गुणाकार जाऊन तीन पॉइंटांचे (पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग) ठरावीक अंतर आले आणि आकडा छाटणेही थांबले. पण मजकूर नेहमी उंचीच्या वरच बसवायचा, हे गृहीतक कायम राहिले.

त्याखेरीज, एकावर एक रचलेल्या स्तंभांत दुसऱ्या थराची उंची म्हणजे फक्त त्या थराची लांबी असते, शून्यापासूनची उंची नव्हे. ती जशीच्या तशी वापरली की आकडा भलत्याच थरात जाऊन पडतो. आडव्या स्तंभांना उंचीऐवजी रुंदी विचारावी लागते. स्तंभावर त्रुटिरेषा, म्हणजे मूल्यातील अनिश्चितता दाखवणारी रेषा, असेल तर आकडा नेमका तिच्यावर येतो. म्हणजे उदाहरण म्हणून ठीक असलेले हे फंक्शन प्रत्येक जण आपापल्या आलेखापुरते दुरुस्त करून घेत होता, आणि प्रत्येक दुरुस्ती दुसऱ्या कोणाच्या तरी आलेखात मोडत होती. सोयीच्या फंक्शनची गरज ठरवताना किती जण तीच ओळ पुन्हा लिहितात हे मोजण्याची पद्धत आहे. माझ्या मते किती जण ती चुकीची लिहितात हा त्याहून बळकट निकष आहे, आणि या प्रकरणात तो पूर्णपणे लागू पडत होता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय काहीच न करण्याचा होता, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मॅटप्लॉटलिबमध्ये अक्षावर, म्हणजे एका आलेखाची चौकट सांभाळणाऱ्या वस्तूवर, चालणारी नवी मेथड आली की तिचे पायप्लॉट या सोप्या फंक्शनसंचामधील प्रतिरूप तयार करावे लागते, दस्तऐवजांत तिची नोंद करावी लागते, चाचण्या लिहाव्या लागतात आणि पुढे तिचे वर्तन बदलायचे झाल्यास किमान दोन छोट्या आवृत्त्यांइतका काळ वापरणाऱ्यांना आगाऊ इशारा द्यावा लागतो. सात-आठ ओळी वाचवण्यासाठी एवढे ओझे कायमचे घ्यावे का, हा प्रश्न देखभाल करणाऱ्याला पडलाच पाहिजे. शेजारच्या लायब्रऱ्यांचे दाखलेही समोर होते. सीबॉर्नचे ‘डिस्टप्लॉट’ हे लोकप्रिय फंक्शन एकाच हाकेत हिस्टोग्रॅम, घनतेची वक्ररेषा आणि आणखी बरेच काही काढत असे. पर्यायांची गर्दी इतकी झाली की सप्टेंबर २०२० मधील ०.११ या आवृत्तीत ते निवृत्तीच्या यादीत टाकून त्याच्या जागी वेगळी फंक्शने द्यावी लागली. आर भाषेतील जीजीप्लॉट२ च्या ‘क्यूप्लॉट’वर २०२२ मध्ये तीच वेळ आली, आणि त्यामागे दिलेले कारण असे की नवशिक्यांनी सुरुवातीपासून मुख्य पद्धतच शिकावी.

दुसरा पर्याय वापरणाऱ्याला सर्वांत आधी सुचणारा होता: ‘बार’ फंक्शनलाच आणखी एक पॅरामीटर द्यावा, म्हणजे स्तंभ आणि आकडे एकाच ओळीत निघतील. पण ‘बार’मध्ये ‘लेबल’ नावाचा पॅरामीटर आधीपासूनच होता आणि तो आलेखाच्या सूचीतल्या (लेजंडमधल्या) नावासाठी वापरला जाई. ‘टिक_लेबल’ही होता, तो अक्षावर स्तंभाखाली लिहिण्याच्या नावांसाठी. त्यात तिसरे लेबल घातले असते, तर कोणते लेबल कोठे उमटते हे दर वेळी दस्तऐवज उघडून पाहावे लागले असते. शिवाय आकड्याचा रंग, आकार, अंतर, कोन आणि स्वरूप हे सगळे ‘बार’च्या आधीच लांबलेल्या यादीत कोंबावे लागले असते.

याच लायब्ररीत या वाटेने गेलेले एक फंक्शन होते, आणि त्याचा अनुभव फारसा उत्साह वाढवणारा नव्हता. ‘पाय’ या वर्तुळालेखाच्या फंक्शनला ‘ऑटोपीसीटी’ असा पॅरामीटर आहे. तो दिला की प्रत्येक फाकेवर टक्केवारी लिहिली जाते. परंतु तो दिला नाही तर फंक्शन दोन वस्तू परत देते आणि दिला तर तीन. परत येणाऱ्या वस्तूंची संख्याच पॅरामीटरवर अवलंबून राहिल्याने, एके ठिकाणी नीट चालणारा प्रोग्रॅम टक्केवारी काढून टाकताच अडखळतो. ‘बार’ तर ‘पाय’पेक्षा कितीतरी अधिक वापरात, तेथे हा धोका पत्करण्याचे काही कारण नव्हते.

तिसरा पर्याय असा की अक्षावरील सर्व आयत स्वतःहून शोधून त्यांना आकडे लावणारे फंक्शन द्यावे, म्हणजे वापरणाऱ्याला कोणतीही वस्तू हाताळावी लागणार नाही. वरवर पाहता हाच सर्वांत सोयीचा. पण अक्षावरील आकृत्यांच्या यादीत स्तंभांखेरीज इतर आकृत्याही असतात. एखादा कालखंड ठळक दाखवण्यासाठी ‘एएक्सव्हीस्पॅन’ने काढलेला रंगीत पट्टाही त्याच यादीत जाऊन बसतो, आणि मग त्या पट्ट्यालाही आकडा लागतो.

चौथा पर्याय समोच्च रेषांच्या ‘सीलेबल’चा कित्ता गिरवण्याचा होता. ‘कंटूर’ने आधी रेषा काढायच्या, त्याने परत दिलेली वस्तू हातात ठेवायची आणि ती ‘सीलेबल’ला द्यायची, लायब्ररीत ही रीत जुनी आणि रुळलेली होती.

निवडलेला मार्ग

चौथा पर्याय स्वीकारला गेला. ‘बार’ने परत दिलेला स्तंभांचा कंटेनर, म्हणजे सर्व स्तंभ एकत्र ठेवणारी वस्तू, ‘बार_लेबल’ला द्यायचा, एवढेच वापरणाऱ्याने करायचे. एक ओळ वाढली खरी. परंतु स्तंभ काढण्याचे काम आणि त्यांच्यावर लिहिण्याचे काम वेगळे राहिले आणि ‘बार’च्या स्वतःच्या वर्तनाला धक्का लागला नाही.

खरी करामत मात्र नव्या फंक्शनमध्ये नसून कंटेनरमध्ये आहे. एकटा आयत पाहून तो उभ्या स्तंभालेखातला की आडव्या, हे सांगता येत नाही, ०.८ रुंद आणि ५ उंच आयत दोन्हींकडे असू शकतो. तसेच स्तंभाचे शेवटचे टोक कोणते आणि पायाचे कोणते, हेही केवळ आकृतीवरून ठरत नाही. जुनी ‘ऑटोलेबल’ पद्धत या माहितीअभावीच अंदाज बांधत होती. म्हणून ३.४ मध्ये कंटेनरलाच मूळ मूल्ये आणि दिशा लक्षात ठेवण्याची सोय केली गेली. कंटेनर हा पायथॉनच्या ट्युपलचाच (क्रमवार यादीचाच) एक प्रकार असल्यामुळे त्याला दोन गुणधर्म अधिक जोडले तरी जुने प्रोग्रॅम, त्यावर लूप फिरवणारे किंवा त्यातून तिसरा स्तंभ उचलणारे, जसेच्या तसे चालत राहिले. त्रुटिरेषाही कंटेनरमध्ये नोंदलेली असल्याने फंक्शनला तिचे टोक ठाऊक असते. मूल्य धन असेल तर आकडा रेषेच्या वरच्या टोकापलीकडे आणि ऋण असेल तर खालच्या टोकापलीकडे बसतो.

आकडा कोठे ठेवायचा यासाठी दोनच पर्याय दिले गेले, ‘एज’ आणि ‘सेंटर’, आणि यांतील फरक केवळ जागेचा नाही. ‘सेंटर’मध्ये त्या थराची लांबी लिहिली जाते, तर ‘एज’मध्ये टोक ज्या मूल्यावर आहे ते मूल्य लिहिले जाते. म्हणजे एकावर एक रचलेल्या स्तंभांत प्रत्येक थराच्या मध्यावर त्याचा वाटा आणि सर्वांत वरच्या थराच्या टोकाला एकूण बेरीज, असा आलेख दोन हाकांत निघतो. मात्र एकाच पॅरामीटरने जागा आणि अर्थ दोन्ही बदलणे ही गोष्ट पहिल्या वाचनात लक्षात येत नाही. स्तंभ १० पासून सुरू होऊन १५ पर्यंत जात असेल तर ‘एज’ने १५ उमटतात, आणि ५ ची अपेक्षा करणारा माणूस गोंधळतो.

परत मिळते ती साध्या मजकूर-वस्तूंची यादी. रंग, अक्षरांचा आकार, कोन यांसाठी नवे पॅरामीटर न शोधता जे दिले जाईल ते मजकूर ठेवणाऱ्या मूळ ‘ॲनोटेट’ फंक्शनकडे तसेच पुढे पाठवले जाते. माझ्या दृष्टीने ही या रचनेतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट आहे: सोय संपली की वापरणारा नेहमीच्या रस्त्यावर असतो, एखाद्या बंद आवारात अडकत नाही.

दोन बारीक निर्णय

पहिला निर्णय आकड्याच्या स्वरूपाचा. न सांगता मिळणारे स्वरूप ‘%जी’ ठेवले गेले. ते अनावश्यक शून्ये गाळते, म्हणून ५.० चे ५ होतात आणि लहान आकड्यांचा आलेख नेटका दिसतो. पण ते सहाच सार्थ अंक ठेवते. त्यामुळे ९९९९९९ जसेच्या तसे छापले जातात आणि दहा लाखांवर मात्र ‘१ई+०६’ (१ गुणिले दहाचा सहावा घात) असे उमटते. १२३४५६७ चे ‘१.२३४५७ई+०६’ होते. लोकसंख्या, विक्री किंवा अनुदान यांचे आलेख काढणाऱ्यांना नेमका हाच टप्पा लागतो. मूळ निवड चुकीची होती असे म्हणता येणार नाही, कारण विज्ञानातील आकड्यांसाठी ती रास्तच आहे. पण असे मूळ स्वरूप एकदा प्रसिद्ध झाले की ते बदलणे म्हणजे असंख्य जुन्या आलेखांचे रूप बदलणे होय. म्हणून ते तसेच राहिले आणि उपाय भोवतीने काढावे लागले. आरंभी स्वतः तयार केलेल्या मजकुरांची यादी द्यावी लागे. फेब्रुवारी २०२३ मधील ३.७ आवृत्तीत महिरपी कंसांची नवी पद्धत आणि स्वतःचे फंक्शन देण्याची मुभा आली. जुनी आणि नवी पद्धत ओळखण्याची युक्ती साधी आहे: आधी टक्क्याच्या चिन्हाची जुनी पद्धत वापरून पाहायची आणि ती चूक दाखवून थांबली तरच कंसांची वापरायची.

मराठी वाचकांना यातली दुसरी मुभा विशेष उपयोगाची आहे. कंसांच्या पद्धतीतील स्वल्पविराम तीन-तीन अंकांवर पडतात, म्हणजे १,२३४,५६७. लाख-कोटींच्या रीतीने १२,३४,५६७ हवे असतील तर तसे लिहून देणारे छोटे फंक्शन स्वतः करून ‘बार_लेबल’ला द्यावे लागते.

दुसरा निर्णय न घेतलेल्या कृतीचा आहे. ‘बार_लेबल’ आकडे लिहिते, पण त्यांना जागा व्हावी म्हणून अक्षाची मर्यादा वाढवत नाही. ती वापरणाऱ्याने वाढवावी लागू शकते, एवढी सूचना दस्तऐवजात आहे. आकडेमोड करून पाहिली तर हे कोठे बोचते ते दिसते. मूळ मापाच्या, ४.८ इंच उंचीच्या चित्रात आलेखाची चौकट सुमारे २६६ पॉइंट उंच असते आणि पाच टक्क्यांच्या नेहमीच्या मोकळिकीमुळे सर्वांत उंच स्तंभाच्या वर साधारण १२ ते १३ पॉइंट उरतात. दहा पॉइंटांचा आकडा त्यात कसाबसा मावतो. त्याच चित्रात दोन आलेख एकाखाली एक घेतले की ही जागा सहा पॉइंटांच्याही आत येते, आणि मजकूर चौकटीपाशी कापला जात नसल्यामुळे आकडा रेषा ओलांडून वरच्या शीर्षकाकडे सरकतो.

फंक्शनने ही व्यवस्था स्वतः का केली नाही, याला कारण आहे. मजकुराची उंची पॉइंटांत असते, अक्षाची मर्यादा मूल्यांच्या एककांत. एकाचे दुसऱ्यात रूपांतर करायचे तर मर्यादा आधी ठरलेली हवी, आणि मर्यादा ठरवायची तर रूपांतर आधी झालेले हवे. पुढे चित्राचा आकार बदलला की सगळे पुन्हा करावे लागते. अर्धवट चालणारी स्वयंचलित व्यवस्था देण्यापेक्षा ‘मार्जिन्स’ वापरून जागा वाढवण्याचे काम माणसावर सोडणे मला योग्य वाटते, जरी तक्रारी याच मुद्द्यावर येणार हे उघड होते.

फलित

उदाहरणसंग्रहातील गटवार स्तंभालेखातून ‘ऑटोलेबल’ निघून गेले आणि त्याच्या जागी ‘बार_लेबल’ची ओळ आली. सोय लायब्ररीच्या बाहेरही पोहोचली. पांडास (तक्त्यांतील माहिती हाताळणारी लायब्ररी) किंवा सीबॉर्न वापरून स्तंभालेख काढला की कंटेनर हाती न येता अक्ष परत मिळतो. पण अक्षाकडे त्याच्यावरील सर्व कंटेनरांची यादी असते, म्हणून त्या यादीवर लूप फिरवून प्रत्येकाला ‘बार_लेबल’ लावण्याची रीत पडली. त्या लायब्रऱ्यांत काहीही न बदलता हे साधले, कारण माहिती कंटेनरमध्येच ठेवली होती. हाच जुगाड त्रुटिरेषा असताना मात्र फसतो: त्रुटिरेषांचा कंटेनरही त्याच यादीत असतो, त्याच्याकडे आयत नसतात आणि प्रोग्रॅम ‘पॅचेस’ हा गुणधर्म नसल्याची तक्रार करून थांबतो.

आकडा नसलेल्या रिकाम्या मूल्यांचे स्तंभ आणि उलटा फिरवलेला अक्ष या दोन कडेच्या परिस्थितींची दखल आता फंक्शन घेते. पहिल्यात जागा कोरी राहते, दुसऱ्यात मजकुराची बाजू पालटते. ‘सेंटर’मधील आकडाही आता स्तंभाच्या दिसणाऱ्या भागाच्या मध्यावर येतो, त्यामुळे अक्षाची मर्यादा कमी करून स्तंभ अर्धा कापला तरी आकडा चित्राबाहेर जात नाही.

वेगळे काय करता आले असते

स्वरूपासाठी स्वतःचे फंक्शन देण्याची मुभा पहिल्याच आवृत्तीत असती, तर ‘%जी’ची अडचण बहुतेकांना जाणवलीच नसती, अक्षावरचे आकडे लिहिण्यासाठी अशी मुभा याच लायब्ररीत पूर्वीपासून होती, तेव्हा कल्पना नवी नव्हती. अक्षावरील आकड्यांचेच स्वरूप स्तंभांवर वापरावे असाही विचार करता येतो, म्हणजे दोन्हींकडे एकच शैली राहील. पण मोठ्या आकड्यांत अक्ष दहाचा घात कोपऱ्यात एकदाच लिहितो आणि खुणांपाशी उरलेला भाग ठेवतो. स्तंभावर तेवढाच उरलेला भाग आला तर तो वाचणाऱ्याची दिशाभूल करील. त्यामुळे मी हा पर्याय नाकारलाच असता.

‘एज’ आणि ‘सेंटर’ यांत गुंतलेले जागा व अर्थ हे दोन प्रश्न वेगळ्या पॅरामीटरांनी सोडवणे अधिक स्वच्छ झाले असते. त्यासाठी एक पॅरामीटर वाढला असता आणि टोकाशी थराची लांबी लिहिण्यासारख्या, आज स्वतः यादी देऊन कराव्या लागणाऱ्या गोष्टी सरळ झाल्या असत्या. याउलट बाजूने एवढेच म्हणता येते की नेहमीच्या दोन गरजा एका शब्दात भागतात, आणि तो मुद्दा हलका नाही.

सर्वांत स्वस्तातली दुरुस्ती चूक-संदेशाची होती. चुकीचा कंटेनर आला तर आतल्या गुणधर्माचे नाव सांगून थांबण्यापेक्षा, हा त्रुटिरेषांचा कंटेनर आहे, स्तंभांचा द्या, असे एका वाक्यात सांगणारी तपासणी फंक्शनच्या पहिल्या दोन-तीन ओळींत बसली असती, आणि पांडास वापरणाऱ्या माणसाला, ज्याने कंटेनर हा शब्द पूर्वी कधी ऐकलेलाही नसतो, यादीतून कोणती वस्तू वगळायची हे तेथेच कळले असते.